एकच तारीख, अनेक घटना: दिनविशेषाबद्दल मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या परिपाठासाठी, गावातल्या वाचनालयाच्या फळ्यासाठी आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांसाठी मी रोजचा दिनविशेष काढतो. त्यावर शिक्षक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि घरातले जुने कागद जपून ठेवणारी वडीलधारी मंडळी प्रश्न पाठवत असतात. जे प्रश्न फिरून फिरून येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सप्टेंबर लागला की सगळ्यात जास्त विचारणा १७ तारखेची होते, म्हणून सुरुवात तिथूनच.

१. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला का? देश तर १५ ऑगस्टलाच स्वतंत्र झाला होता.

देश झाला, आपण झालो नव्हतो. १५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांनी २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला आणि विलीनीकरणाचा प्रश्न लोंबकळत ठेवला. संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांतले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे म्हणजे तेव्हाचा मराठवाडा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, सरहद्दीवर लढणाऱ्यांचे कॅम्प उभे राहिले होते, आणि गावागावांत रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची दहशत होती. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. सोलापूरकडून आलेल्या तुकड्यांनी त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १५ ऑगस्टनंतर १३ महिने आणि २ दिवसांनी आपल्याकडे तिरंगा निर्धास्तपणे फडकला. म्हणून मराठवाड्यात ध्वजवंदन १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे यांच्या जोडीने १७ सप्टेंबरलाही होतं.

२. एका पुस्तकात शरणागती १८ सप्टेंबरला झाली असं लिहिलंय. मग आपली १७ तारीख चुकली का?

दोन्ही तारखा बरोबर आहेत, घटना दोन आहेत. १७ ला हैदराबादचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजामाने रेडिओवरून युद्धबंदी सांगितली. १८ ला हैदराबादच्या फौजेचे सेनापती सय्यद अहमद अल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यासमोर रीतसर शरणागती पत्करली. पुढे चौधरीच लष्करी गव्हर्नर झाले.

असं इतर ठिकाणीही झालेलं आहे. जपानच्या सम्राटाने १५ ऑगस्ट १९४५ ला शरणागती जाहीर केली आणि कागदावर सह्या २ सप्टेंबरला झाल्या. दिनविशेषात लिहिताना क्रियापद नेमकं वापरा: १७ ला 'जाहीर केली', १८ ला 'पत्करली'. एवढं केलं की वाद उरत नाही.

३. कुणी पोलिस ॲक्शन म्हणतं, कुणी ऑपरेशन पोलो, कुणी मुक्ती, कुणी विलीनीकरण. फळ्यावर काय लिहायचं?

महाराष्ट्रात शासकीय नाव 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' असं आहे, फळ्यावर तेच लिहा. 'ऑपरेशन पोलो' हे फक्त लष्करी मोहिमेचं नाव आहे आणि 'पोलिस कारवाई' हा तेव्हाच्या सरकारने वापरलेला शब्द. ही दोन्ही नावं १३ ते १७ सप्टेंबरच्या पाच दिवसांपुरती आहेत. मुक्तिसंग्राम म्हणताना त्याआधीची सगळी वर्षंही येतात. १९३८ ची वंदे मातरम् चळवळ येते, तुरुंगवास येतात, सरहद्दीवरचे कॅम्प येतात. मला हाच शब्द योग्य वाटतो.

शेजारी मात्र नावं वेगळी आहेत. कर्नाटकात २०१९ पासून 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणतात. तेलंगणात सरकारागणिक नाव बदलत गेलं: २०२२ ला राष्ट्रीय एकात्मतेचा दिवस, २०२४ ला 'प्रजा पालन दिनोत्सव'. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणून अधिसूचना काढली. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी ही सगळी नावं ध्यानात ठेवावीत.

४. १७ सप्टेंबरला जगात आणखी काय काय घडलंय?

भरपूर. मला सगळ्यात आवडणारी नोंद १६८३ ची. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडला, घरी घासलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे बारीक जीव पाहिले. ते वर्णन त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला ज्या पत्रात कळवलं, त्यावर १७ सप्टेंबर ही तारीख आहे. मुलांना ही गोष्ट सांगितली की दुसऱ्या दिवशी दात घासून येतात.

१७८७ ला याच दिवशी फिलाडेल्फियात ३९ जणांनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. त्याच देशात १८६२ ला अँटिएटमची लढाई झाली आणि एका दिवसात सुमारे २३ हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. १९०८ ला ऑर्व्हिल राइट चालवत असलेलं विमान कोसळून लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज गेले. विमान अपघाताचा तो पहिला बळी. १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. १९७८ ला इजिप्त आणि इस्राएल यांच्यात कॅम्प डेव्हिड करार झाले. १९९१ ला उत्तर आणि दक्षिण कोरिया, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया यांच्यासह सात देश संयुक्त राष्ट्रांत एकाच दिवशी दाखल झाले.

जन्म म्हणाल तर पेरियार ई. व्ही. रामसामी (१८७९), प्रबोधनकार ठाकरे (१८८५), पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन (१९१५) आणि नरेंद्र मोदी (१९५०). पेरियार आणि प्रबोधनकार या दोन परखड समाजसुधारकांची तारीख एकच निघावी, हे परिपाठात जोडीने सांगण्यासारखं आहे.

आणि एक नोंद सहसा कुणी घेत नाही. १७ सप्टेंबर १९४८ लाच, म्हणजे तारखेसकट वर्षही तेच, जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बेर्नादोत यांची गोळ्या घालून हत्या झाली. इकडे युद्धबंदीची घोषणा आणि तिकडे युद्धबंदीसाठी झटणाऱ्याचा खून.

५. १७ सप्टेंबरच्या नोंदीत फक्त विजय आणि आनंदच लिहायचा का?

नाही. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि काही जणांना उत्तर रुचत नाही, तरी ते द्यायलाच हवं. रझाकारांनी केलेले खून, लुटालूट आणि जाळपोळ यांची नोंद झालीच पाहिजे. आपल्याकडे अनेक घरांत ती आठवण अजून ताजी आहे. त्याचबरोबर कारवाईच्या दरम्यान आणि नंतर बदल्याच्या भरात असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले, हेही तितकंच खरं. नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे, आणि सर्वांत वाईट झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन नावं आहेत. तो अहवाल पुढे कित्येक दशकं जाहीर झाला नाही.

प्राथमिकच्या मुलांना आकडे सांगू नका. नववी-दहावीच्या मुलांना मात्र दोन्ही बाजू सांगा. त्या दिवसांत शेजाऱ्याला घरात लपवून वाचवणारी माणसं दोन्ही समाजांत होती, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर त्यांची नावं अजून निघतात.

६. १७ सप्टेंबर १९४८ ला तिथी कोणती होती?

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, शके १८७०. म्हणजे अनंत चतुर्दशी. ज्या दिवशी निजामाने युद्धबंदी सांगितली, तो गणपती बोळवण्याचा दिवस होता.

तिथी आणि तारीख दर १९ वर्षांनी साधारण पुन्हा जुळतात, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळपास सारखी भरते. त्यामुळे २००५ ला आणि पुन्हा २०२४ ला अनंत चतुर्दशी नेमकी १७ सप्टेंबरलाच आली. सकाळी ध्वजवंदन आणि संध्याकाळी विसर्जन, असा २०२४ चा दिवस अनेकांना आठवत असेल. तेव्हा बंदोबस्ताची आणि मिरवणुकीची चर्चा सगळीकडे झाली, पण १९४८ लाही हाच योग होता हे फार थोड्यांनी सांगितलं. एखाद्या वर्षी एका दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून पंचांग पाहिल्याशिवाय पुढची वर्षं लिहू नका.

७. किल्लारीचा भूकंप २९ सप्टेंबरला झाला की ३० ला? इंग्रजी संकेतस्थळांवर २९ दिसतं.

आपल्यासाठी ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय याद्या ग्रीनिच वेळेप्रमाणे ठेवतात. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास, त्यामुळे तिकडे अजून २९ तारखेचे रात्रीचे साडेदहासुद्धा वाजले नव्हते. म्हणून त्या यादीत २९ आहे. नोंद चुकीची नाही, घड्याळ वेगळं आहे. दिनविशेष जिथे घटना घडली तिथल्या वेळेने लिहायचा, हा माझा नियम.

आता यातली तिथीची बाजू पाहा. २९ ला अनंत चतुर्दशी होती. लातूर-उस्मानाबादच्या गावांतली माणसं विसर्जन करून उशिरा झोपली होती, आणि दगडमातीची जड घरं त्यांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने ती पहाट अनंत चतुर्दशीच्याच दिवसात मोडते. म्हणजे मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासातले दोन सर्वांत मोठे दिवस इंग्रजी तारखेने १३ दिवसांच्या अंतरावर आहेत, आणि तिथीने एकाच जागी (प्रश्न ६ पाहा). फळ्यावर फक्त तारीख लिहिली तर हे कधीच दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक जुन्या नोंदीपुढे तिथीही लिहा असा आग्रह धरतो.

८. गणपती दरवर्षी मागेपुढे होतात, मग विश्वकर्मा जयंती दरवर्षी १७ सप्टेंबरच्याच आसपास कशी?

कारण ती चंद्रावर चालत नाही. कन्या संक्रांतीला, म्हणजे सूर्य कन्या राशीत जातो त्या दिवशी विश्वकर्मा पूजा करतात, आणि ती बहुधा १७ सप्टेंबरला, कधी १६ ला येते. आपल्याकडची मकर संक्रांतही याच पद्धतीची. बाकी सण चांद्र तिथीवर असल्याने पुढेमागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा जागेवर येतात.

९. पानिपतची लढाई १४ जानेवारीला झाली, म्हणजे संक्रांतीच्या दिवशीच ना? 'संक्रांत कोसळली' म्हणतात ते त्यामुळेच का?

लढाई बुधवारी, १४ जानेवारी १७६१ लाच झाली. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पण त्या वर्षी संक्रांत त्या दिवशी नव्हती. ती ३-४ दिवस आधीच होऊन गेली होती.

संक्रांत १४ जानेवारीला खिळलेली आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपण एकाच शतकातलं कॅलेंडर पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात आपलं राशींवर मोजलेलं सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा काही मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे संक्रांत सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पुरावा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म बघा: १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. त्याच्याही १०२ वर्षं मागे गेलात तर ती १० जानेवारीच्या आसपास येते. आता ती पुष्कळदा १५ ला येऊ लागली आहे.

१४ जानेवारीची आपल्या मातीतली नोंद वेगळी आहे आणि ती विसरू नका. १९९४ ला याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळालं. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसं मेली, वस्त्या जळाल्या, लाँग मार्च निघाले. विद्यापीठाच्या गेटवर दरवर्षी १४ जानेवारीला जी गर्दी होते ती त्या सगळ्याची आठवण ठेवून होते.

१०. शिवजयंती दोनदा का? आणि १९ फेब्रुवारी ही तारीखही जुन्या कॅलेंडरची आहे हे खरं का?

तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तारीख १९ फेब्रुवारी १६३०. शासकीय जयंती तारखेने होते, काही जण तिथीने करतात. दोन्ही एकाच जन्माच्या नोंदी आहेत.

दुसरा भागही खरा आहे. ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीदेखील ज्युलियन तारीखच, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. त्यामुळे '६ जूनला राज्याभिषेक आणि ६ जून १९४४ ला नॉर्मंडीचं आक्रमण, एकच दिवस' असं लिहिलं तर आकडा जुळतो, पण ऋतूचक्रातली जागा दहा दिवसांनी चुकते. यामुळे तारखा बदला असं मी मुळीच म्हणत नाही. रूढ तारीख तशीच ठेवा, पुढे तिथी लिहा. हा फरक कसा काढायचा ते प्रश्न ११ मध्ये आहे.

११. ज्युलियन-ग्रेगोरियनचा हा फरक कधी १० दिवस, कधी ११ दिवस का धरतात?

पोप ग्रेगरी यांनी १५८२ ला सुधारणा केली तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आली, म्हणजे १० दिवस गाळले. १७०० हे वर्ष जुन्या पद्धतीत लीप होतं, नव्यात नव्हतं, म्हणून १७०० च्या फेब्रुवारीनंतर फरक ११ दिवसांचा झाला. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ ला घेतली. त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता. आपल्या इतिहासातल्या बऱ्याच तारखा इंग्रजांच्या पत्रांतून आणि रोजनिशींतून आल्या, त्यामुळे १७५२ पूर्वीची तारीख दिसली की शंका घ्यायची.

आपल्या भागातली दोन उदाहरणं. औरंगजेब गेला अहमदनगरजवळ, दफन झालं खुलताबादला. त्याच्या मृत्यूची तारीख कुठे २० फेब्रुवारी १७०७ तर कुठे ३ मार्च १७०७ सापडते. ११ दिवस मिळवून पाहा, एकच दिवस निघतो. गुरू गोविंदसिंगजी नांदेडला ज्योतिज्योत समावले (त्यांचं निधन झालं) ती ७ ऑक्टोबर १७०८ ही तारीखही जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने १८ ऑक्टोबर.

बाहेरचं उदाहरण १७ सप्टेंबरचंच आहे. अमेरिकेतल्या बोस्टन शहराचा स्थापना दिवस १७ सप्टेंबर १६३० मानतात. तेव्हाच्या कागदावर ७ सप्टेंबर आहे, शहराने नंतर दहा दिवस मिळवून घेतले. उलट इंग्लंडने शेक्सपिअरची २३ एप्रिल १६१६ ही जुनीच तारीख ठेवली. त्यामुळे स्पेनच्या सर्व्हान्टेसची पुण्यतिथीही २३ एप्रिलला धरतात, तरी दोघांच्या मृत्यूत प्रत्यक्षात दहा-अकरा दिवसांचं अंतर आहे. ग्रंथदिनाच्या भाषणात 'दोघे एकाच दिवशी गेले' हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. ते टाळा.

१२. तिथीने घटना जुळल्याचं आपल्या भागातलं जुनं उदाहरण आहे का?

पैठणची नाथषष्ठी. फाल्गुन वद्य षष्ठीला वारकरी परंपरेत 'पंचपर्वा षष्ठी' म्हणतात. देवगिरीचे किल्लेदार आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, त्यांनी एकनाथांना दिलेला अनुग्रह, जनार्दनस्वामींचं देहावसान आणि नाथांची गोदावरीतली जलसमाधी, अशा पाच गोष्टी परंपरा या एकाच तिथीवर मानते. दिनविशेषाची कल्पना आपल्याकडे शाळेच्या फळ्यावर येण्याआधी काही शतकं पैठणच्या वाळवंटात रुजलेली होती, असं मला ही नोंद लिहिताना दरवेळी वाटतं.

उत्तरेकडच्या पंचांगात हीच तिथी चैत्र कृष्ण षष्ठी म्हणून दिसेल. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. हिंदी स्रोतातून वद्य पक्षातली तिथी उतरवताना महिना तपासा.

१३. मग तिथी पाळायची की तारीख?

ज्यांची घटना आहे ते लोक जे पाळतात ते. वारकरी तिथीने जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा विजयादशमी होती. आपल्याकडच्या गावागावांतून गाड्या भरून माणसं दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात, आणि १४ ऑक्टोबरलाही अभिवादन होतं. दोन्ही नोंदी दोन्ही दिवशी घ्या. जागा कमी पडली तर दुसरी नोंद थोडक्यात.

१४. आजोबांच्या दाखल्यावर 'फसली' साल आहे आणि पोथीवर 'शके'. इसवी सन कसं काढू?

शके: गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. पानिपतवर ताडून पाहा: पौष शके १६८२, घटना जानेवारीतली, म्हणून अधिक ७९, आले १७६१. या शकाला शालिवाहनाचं नाव आहे आणि परंपरा त्याला पैठणचा राजा मानते, तेव्हा हा हिशेब तर आपल्या घरचाच.

फसली: निजामाच्या राज्यात कारभार फसली सालाने चालायचा. हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं आणि महिन्यांची नावं आजर, दै, बहमन अशी फारसी असत. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. जहागिऱ्या रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा आहे, तो १५ ऑगस्ट १९४९ चा. १३५८ अधिक ५९१, जुळलं. उत्तर भारतातल्या फसलीला हे आकडे चालत नाहीत, तिथला हिशेब वेगळा आहे.

कागदावर हिजरी असेल तर साधी बेरीज चालणार नाही. ते वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं. त्यासाठी जंत्री किंवा रूपांतराचं कोष्टकच लागतं.

१५. आमच्या गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत इतक्या जणांची जन्मतारीख १ जून कशी?

तो शाळेचा १ जून आहे. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी वयाचा अंदाज घेत, जूनमध्ये शाळा सुरू होई, म्हणून रजिस्टरला १ जून लावून मोकळे होत. 'दुष्काळाच्या साली झाला', 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला' एवढंच आईला माहीत असे. मराठवाड्यात एका पिढीच्या कितीतरी माणसांच्या दाखल्यावर हीच तारीख आहे. अशा नोंदीला 'शालेय नोंदीनुसार' एवढा शब्द जोडा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारून घ्या. सण, पीक किंवा पाऊस यांच्या खुणेवरून महिना तरी हमखास निघतो.

१६. एकाच तारखेला इतक्या घटना म्हणजे त्या तारखेत काही विशेष आहे का? काही तारखा अपशकुनी असतात का?

नाही. वर्षात तारखा ३६६च, आणि घटना अगणित. नुसते २३ जण एकत्र बसले तरी कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ४० मुलांच्या वर्गात ती ८९ टक्क्यांच्या घरात जाते. वर्गात करून पाहा, गणिताचा तासही होतो. (१ जूनवाले त्यात धरू नका, प्रश्न १५ पाहा.)

काही जुळण्या मात्र माणसांनी ठरवून आणलेल्या असतात आणि त्या ओळखायला शिकवा. सत्तांतराला १५ ऑगस्ट निवडताना माउंटबॅटन यांच्या मनात जपानच्या शरणागतीचा दिवस होता. १ मे आधीपासून कामगार दिन, १९६० ला महाराष्ट्र दिन झाला, मग १९८१ ला जालना आणि १९९९ ला हिंगोली हे जिल्हेही १ मे लाच अस्तित्वात आले.

१७. जुन्या घटनेत औरंगाबाद लिहू की छत्रपती संभाजीनगर? उस्मानाबाद की धाराशिव?

घटनेच्या वेळी कागदावर जे होतं ते लिहा आणि नोंदीच्या शेवटी आजचं नाव द्या. या पानावर मीही जुन्या घटनांत जुनीच नावं ठेवली आहेत. अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत, हे माहीत नसेल तर तिथल्या निम्म्या नोंदी हातातून निसटतात. आजचा जिल्हाही तपासा. १९४८ च्या कागदात लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात सापडेल.

१८. २९ फेब्रुवारीच्या नोंदी इतर वर्षी कुठे घ्यायच्या?

२८ ला घ्या, मूळ तारीख लिहून. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे वर्ष लीप नव्हतं, त्यामुळे त्यांना दुसरी २९ फेब्रुवारी थेट १९०४ ला मिळाली.

१९. आमच्या गावातली मुक्तिसंग्रामातली घटना पाठवायची आहे. काय काय लिहून पाठवू?

घटना कुठे घडली ते गावाच्या जुन्या नावासह. तारीख किंवा साल कागदावर जसं असेल तसंच, फसली असेल तर फसली, हिजरी असेल तर हिजरी. स्वतः रूपांतर करून मूळ आकडा टाकून देऊ नका. कागद उर्दू किंवा मोडीत असेल तर वाचता येत नाही म्हणून थांबू नका, उजेडात सरळ फोटो काढून चारही कोपरे दिसतील असा पाठवा. तोंडी आठवण असेल तर सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय आणि त्या दिवसाची एखादी खूण लिहा: कोणता सण जवळ होता, रानात काय उभं होतं, नदीला पाणी होतं का. सप्टेंबर १९४८ च्या आठवणींत 'गणपती बसले होते' एवढं जरी कुणी सांगितलं तरी ती ७ ते १७ तारखेच्या आत बसवता येते.